मियाटाला ट्रेलरवर चढवण्याआधी

कोलंबस, ओहायो
१८ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. १९९९ची माझदा मियाटा, ती दोन सीटची उघडी गाडी, रस्त्यावरून काढून फक्त ट्रॅकसाठी ठेवायची ठरवलीस, फार बरं केलंस. पण पत्राच्या शेवटी तू कामाचा क्रम लिहिला आहेस, तो वाचला आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. यंदा बकेट सीट आणि हार्नेस (रेसिंगचे अनेक पट्टे), पुढच्या वर्षी पैसे जमले की रोल केज (गाडीच्या आतला पोलादी नळ्यांचा पिंजरा), आणि तोवर गाडी चालवतच जिंजरमनच्या ट्रॅकवर न्यायची. कृपा करून असं करू नकोस. गाडी जितकी धोकादायक आज आहे, त्याहून जास्त धोकादायक ती या अर्धवट वर्षात होईल.

कारण सांगतो. कंपनीचा तीन बिंदूंचा पट्टा आणि कंपनीची सीट यांची जोडी आहे. गाडी उलटली तर त्या पट्ट्यात अंग बाजूला झुकू शकतं, सीटची पाठ मागे दबते, डोक्याला थोडी तरी जागा मिळते. हार्नेस मात्र तुला खांबासारखा ताठ बांधून ठेवतो. मियाटाला पक्कं छप्पर नाही, पुढच्या काचेची चौकट वजनाखाली चेपते, आणि मग गाडीचा सगळ्यात उंच भाग म्हणजे तुझं डोकं. डोक्यावर लोखंडी कमान नसेल तर हार्नेस घालायचाच नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. केज बसवलेली गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवली आणि सिग्नलला मागून कुणी साधा धक्का दिला, तरी काही इंचांवर असलेल्या पोलादी नळीवर डोकं आपटतं. त्या नळीवरचं पॅडिंग हेल्मेटच्या हिशेबाने कडक बनवलेलं असतं, उघड्या कवटीसाठी नाही. म्हणून सीट, हार्नेस, केज आणि मानेचा आधार ही चार कामं एकाच हिवाळ्यात, आणि ती झाली त्या दिवसापासून गाडी ट्रेलरवर.

पैसे खरंच कमी असतील तर मधला एक प्रामाणिक मार्ग आहे. कंपनीची सीट, कंपनीचा पट्टा तसाच ठेव, बोल्टने बसणारा, तिरका दांडा असलेला चांगला रोल बार (सीटमागची एकच कमान) लाव आणि एक सीझन काढ. पण तुला दोन वर्षांत रेसिंगचं लायसन्स काढायचंय. मग केज करताना तो बार विकावा लागेल. त्यापेक्षा थांब आणि थेट केज कर.

सुरुवात सीटपासून. बहुतेक जण केज आधी करतात आणि मग हेल्मेट कमानीच्या वर येतं म्हणून डोकं धरून बसतात. मियाटात उंचीचाच प्रश्न आहे. सरकणारे रूळ काढून टाक आणि सीट जमिनीला जितकी टेकवता येईल तितकी टेकव. हेल्मेट घालून, पट्टे आवळून बस. डोक्याच्या वर निदान २ इंच सोडून केजच्या मुख्य कमानीचा (सीटमागच्या) माथा यायला हवा. त्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत झाडूचा सरळ दांडा धर. हेल्मेट त्या दांड्याच्या खालीच राहिलं पाहिजे. सीट एफआयए (जागतिक मोटरस्पोर्ट संस्था) ८८५५-१९९९ मानकाची घेतलीस तर तिची मुदत उत्पादनापासून ५ वर्षं धरतात, तेव्हा जुनी सीट स्वस्त मिळाली तरी लेबलवरचं साल वाच. बोल्ट ८ मिमीच्या खालचे नकोत, आणि प्रत्येकाखाली फ्लोअरच्या बाहेरून पोलादी पट्टी हवी. मियाटाचा पत्रा पातळ आहे. नुसता वॉशर लावला तर धडकेत बोल्ट पत्रा फाडून वर येतो आणि तू सीटसकट पुढे जातोस.

हार्नेस सहा बिंदूंचाच. चार बिंदूंच्या हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे आवळले की कमरेचा पट्टा वर सरकतो, आणि धडकेत तो कंबरेच्या हाडाऐवजी पोटावर बसतो. मांड्यांमधले पट्टे त्यासाठीच असतात. बांधताना कमरेचा पट्टा सर्वात आधी, अगदी दुखेल इतका, आणि खांद्याचे त्यानंतर. खांद्याचे पट्टे मागच्या आडव्या नळीला गुंडाळायचे. ती नळी खांद्याच्या पातळीत किंवा थोडी खाली, जास्तीत जास्त २० अंश उतार. नळी फार खाली असेल तर धडकेत पट्टे खांदे खाली ओढतात आणि पाठीचा कणा दाबला जातो. फ्लोअरवर मागे पट्टे अडकवलेल्या गाड्या मी कित्येक पाहिल्यात. तो प्रकार मला बघवत नाही. एसएफआय (रेसिंगच्या सामानाची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) १६.१ हार्नेस स्वस्त असतो पण रेसिंगसाठी त्याची मुदत २ वर्षं, एफआयएवाल्याची ५. हिशेब केलास तर महागडाच स्वस्त पडतो. हान्ससारखं मानेचं उपकरण एसएफआय ३८.१ शिक्क्याचं घे, आणि हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए (कार रेसिंगच्या) वर्गाचं. मोटरसायकलच्या एम वर्गात आगीची चाचणी नसते, आणि रोल बारवर आपटण्याचीही नसते.

आता केज. गाडीचं वजन २,३०० पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण १,०५० किलो. या वजनाला एससीसीए आणि नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन या रेस भरवणाऱ्या दोन्ही संस्थांच्या नियमांत दीड इंच व्यासाची, ०.०९५ इंच जाडीची डीओएम (साच्यावरून ओढून काढलेली) नळी चालते. ईआरडब्ल्यू (नुसती शिवण वेल्ड केलेली) नळी दिसायला तशीच असते, स्वस्तही असते, पण नियमांत बसत नाही. तपासणीसाठी नळीला छोटं भोक पाडून जाडी मोजतात, तेव्हा लपत काही नाही. नियमपुस्तक दरवर्षी बदलतं म्हणून नळी कापण्याआधी त्या वर्षीचं डाउनलोड कर.

वेल्डिंगवाल्याला एक प्रश्न नक्की विचार: वरच्या सांध्यांना पूर्ण गोल वेल्ड कसा देणार? नळी गाडीच्या अंगाला चिकटून बसते, त्यामुळे मागच्या बाजूला टॉर्च पोचत नाही. पुष्कळ जण दिसणारी अर्धी बाजू वेल्ड करतात आणि उरलेल्यावर रंग मारतात. जाणकार माणूस फ्लोअरला पायांच्या जागी भोकं पाडतो, केज त्यातून खाली उतरवतो, वरचे सांधे चहूबाजूंनी वेल्ड करतो, मग केज वर उचलून पायांखाली पेटीसारखे चौथरे बसवतो. हे उत्तर त्याने आपणहून दिलं तर काम त्याला दे. ड्रायव्हरच्या दारात निदान दोन आडवे दांडे, दाराच्या आतलं सगळं काढून बाहेरच्या पत्र्याकडे फुगवलेले. तुझ्या बरगड्या आणि समोरच्या गाडीचं बंपर यांच्यामध्ये जितके इंच मिळतील तितके कमीच. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोड, ईसीयू (इंजिनाचा संगणक) काढ, आणि पेट्रोलची टाकी व पाइप कुठून जातात ते त्याला स्वतः दाखव.

त्याच्याही आधी एअरबॅग. बॅटरी सोडून दहा मिनिटं थांब, पिवळे कनेक्टर काढ, आणि बॅग काढली की तोंड वर करून ठेव. उलटी ठेवलेली बॅग फुटली तर सगळा सांगाडा छताकडे उडतो. मीटरने तिचा रोध मोजायला जाऊ नकोस, तेवढ्या करंटनेही ती पेटू शकते. सुटं होणारं स्टिअरिंग लावशील तेव्हा कॉलममधलं किल्लीचं लॉकही काढून टाक. चालत्या गाडीत ते अडकण्याची शक्यताच ठेवायची नाही. एसीचा गॅस हवेत सोडायला इथे कायद्याने बंदी आहे, तो परवानाधारकाकडून काढून घे. कार्पेट, कापडी छप्पर, फ्लोअरवरचा डांबरी थर हे काढण्याबद्दल फार लिहीत नाही, तुला ते येतं. डांबरी थर काढायला कोरडा बर्फ वापरशील तर गॅरेजचं दार उघडं ठेव. काचेवर वाफ धरू नये म्हणून हीटर मात्र काढू नकोस.

मियाटाची बॅटरी डिकीत असते, त्यामुळे किल स्विचची (गाडीची सगळी वीज तोडणाऱ्या खटक्याची) तार लांब जात नाही. पण नुसती बॅटरी तोडली तर चालू इंजिन बंद पडत नाही, अल्टरनेटर त्याला जगवत राहतो. म्हणून जास्तीचे संपर्क असलेला स्विच घे, इग्निशनही त्यातूनच ने, आणि सोबतचा रोधक लाव, नाहीतर अल्टरनेटरचा झटका इलेक्ट्रॉनिक्स जाळतो. बसवून झालं की इंजिन ३,००० आरपीएमवर धरून स्विच फिरव. इंजिन मेलं तरच काम झालं. आगीसाठी पाइपवाली बसवलेली यंत्रणा घे, एक तोटी इंजिनकडे, एक तुझ्या पायांकडे. तिचा खटका पट्टे आवळलेल्या अवस्थेत हाताला लागतो का ते बसून बघ. हात पोचत नसेल तर ती यंत्रणा नसल्यासारखीच.

ट्रॅकवर मियाटा पहिल्यांदा ब्रेकमध्ये हरते, आणि बहुधा दोष डिस्कचा नसतो. तुझ्या गाडीच्या पुढच्या २५५ मिमीच्या डिस्क पुरेशा आहेत. उकळतं ते ब्रेक ऑइल. डॉट ४ या नेहमीच्या प्रतीच्या ऑइलच्या उत्कलनबिंदूची किमान हद्द कोरड्यात २३० अंश सेल्सियस, ओलाव्यानंतर १५५. ट्रॅकसाठी कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असलेलं घे आणि प्रत्येक वीकेंडआधी ब्लीड कर (जुनं ऑइल आणि हवेचे बुडबुडे काढ), कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. रस्त्यावरचे पॅड ट्रॅकच्या उष्णतेत गुळगुळीत होतात. ट्रॅकचे पॅड थंडीत चावत नाहीत आणि किंचाळतात; ट्रेलरवर जाणाऱ्या गाडीला ते चालतं, हाच तर ट्रेलरचा फायदा. सेशन संपल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, गिअरमध्ये ठेव आणि चाकाला लाकूड लाव.

पुढचे हब बेअरिंग (ज्यांवर चाक फिरतं) हे मियाटात खर्चाचंच सामान समज. चिकट टायरवर ते झिजतात, चाक हलतं, चाक हललं की डिस्क पॅडला मागे ढकलते, आणि पुढच्या वळणाला पेडल अचानक खोल जातं. लोक ब्रेक ब्लीड करत बसतात. तू आधी गाडी उचल आणि चाक वर-खाली धरून हलवून बघ. चाकांचे नट ८० फूट-पौंडाला टॉर्क रेंचने आवळ, प्रत्येक सेशनआधी, चाकं थंड असताना.

इंजिनाची ताकद वाढवायचा विषय तू काढलास, त्याला मी आत्ता हात लावणार नाही. त्याऐवजी खरा ऑइल प्रेशर गेज लाव. डॅशमधला मूळ गेज खरं प्रेशर दाखवतच नाही. प्रेशर एका हद्दीच्या वर आहे की खाली, एवढंच त्याला कळतं, आणि काटा एका जागी उभा राहतो. पाण्याचाही काटा बराच काळ मध्यावरच असतो. हे इंजिन मुळात आडवं बसवण्यासाठी आखलेलं. मियाटात ते गाडीच्या लांबीत उभं बसवताना पाण्याची वाट पुढून काढली, म्हणून मागचा चौथा सिलेंडर जास्त तापतो. पाणी मागून काढणारा रीरूट किट आणि रेडिएटरभोवतीच्या फटी बंद करणारा फोम, यातच पैसे घाल. १९९९-२०००च्या काही गाड्यांत थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारा) झिजतो; कुणाकडून क्लच दाबून घे आणि क्रँकच्या पुढच्या पुलीवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा) धर. ०.३ मिमीपेक्षा जास्त सरकत असेल तर केजला हात लावण्याआधी इंजिनाचं बघ. बऱ्याच ठिकाणी अँटीफ्रीझ चालत नाही, सांडलं की डांबर निसरडं होतं. साधं पाणी घातलंस तर ऑक्टोबरात शेवटच्या दिवशीच ते पूर्ण काढ. मिशिगनच्या हिवाळ्यात ब्लॉक तडकायला एक रात्र पुरते.

आता ट्रेलर. गाडी २,३०० पौंड, ॲल्युमिनियमचा उघडा ट्रेलर १,४०० धर, टायरचा दुसरा संच, जॅक, हत्यारं, पेट्रोल मिळून ४५०. एकूण ४,१५०. तुझ्या एसयूव्हीची ओढण्याची हद्द ५,००० पौंड आहे असं लिहिलंस, म्हणजे बसतं, पण आत माणसं आणि सामान भरलं की हिचवर (ट्रेलर जोडायच्या कडीवर) चालणाऱ्या वजनाची हद्द आधी संपते. ट्रेलरच्या जिभेवर (हिचवर टेकणाऱ्या पुढच्या दांड्यावर) एकूणाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ४१५ ते ६२० पौंड यायला हवेत. कमी पडलं तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. गाडी चार इंच पुढे-मागे केली की हे वजन बदलतं. एकदा काट्यावर मोजून बरोबर जागा सापडली की ट्रेलरच्या लाकडावर चाकाची खूण करून ठेव. हलू लागलाच तर ब्रेक दाबू नकोस. ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर आणि ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लाव.

चार रॅचेट पट्टे, प्रत्येकाची कामाची क्षमता ३,३३३ पौंड, आणि ते चाकांवरून बांध. चाकं बांधली की वर गाडी स्प्रिंगवर हलली तरी पट्टे ढिले पडत नाहीत. पंधरा मैलांवर थांबून पुन्हा आवळ. ट्रेलरचे टायर नक्षी झिजून नाही, वयाने मरतात. बाजूवरची तारीख वाच, पाच-सहा वर्षांपुढचे बदल, आणि थंड असताना बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भर. घेताना ड्रायव्हरच्या बाजूचं मडगार्ड निघणारं बघ, नाहीतर मियाटाचं दार उघडणार नाही आणि तुला दर वेळी केजमधून खिडकीवाटे बाहेर यावं लागेल.

सीट आली की हेल्मेट घालून तीन मापं घे: जमिनीपासून हेल्मेटच्या माथ्यापर्यंत, जमिनीपासून खांद्यापर्यंत, आणि काचेच्या चौकटीची उंची. बाजूने एक फोटो काढ आणि मला पाठव. तोवर नळी कापू देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझाच