रिकाम्या स्ट्रिप मोजणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, एवढं त्या नऊ दिवसांत मी ओळखलंय. पण पत्र मात्र चारचौघांनी वाचावं असं वाटतं, म्हणून उघड लिहितोय.

माझ्या लेकीला तुमच्याकडे आणलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. त्याआधी दोन दवाखाने पालथे घालून झाले होते. पहिल्या ठिकाणी पापणी खाली ओढून बघितली आणि निकाल दिला, "डोळे पिवळे नाहीत, म्हणजे लिव्हरचं काही नाही. तापाचा अशक्तपणा आहे." ती रात्रभर टक्क जागी असते, दिवसा ढाराढूर झोपते, एकदम अंगावर येते, असं मी सांगितलं तर झोपेची गोळी लिहून दिली. लिव्हर झपाट्याने निकामी होतं तेव्हा मेंदूवर होणारा परिणाम अशा उलट्या झोपेतून दिसू शकतो, आणि त्यात झोपेची गोळी दिली की गुंगी कशाची तेच समजत नाही, हे पुढे तुमच्याकडून कळलं. पॅरासिटामॉलने लिव्हर गेलं तर सुरुवातीला कावीळ फारशी दिसतही नाही, हेसुद्धा.

दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासलं. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतात ते एन्झाइम हजारांत आले आणि सगळ्यांचा सूरच बदलला. "घरात काही झालं होतं का? भांडण? परीक्षा?" तिच्या उशाशी उभं राहून कुजबुज चालली होती. मोठ्या ठिकाणी न्या, हा त्यांचा सल्ला बरोबरच होता. पण तो द्यायला त्यांनी सहा तास लावले. त्या सहा तासांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो मी लपवणारही नाही.

तुम्ही आलात. तिला दोन्ही हात समोर धरायला लावलेत, वाहन थांबवताना धरतो तसे, पंजे वर करून. दोन क्षण हात स्थिर राहिले आणि मग पंजे आपोआप खाली पडायला लागले, परत वर, परत खाली. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "एरवी कशी बोलते ही?" तीन दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, ही अशी नाही हो." तुम्ही ते ऐकलंत आणि लिहून घेतलंत.

मग माझ्या हातातली औषधांची पिशवी मागून घेतलीत, स्टुलावर बसलात आणि रिकाम्या स्ट्रिप पलंगाच्या पायथ्याशी एकेक मांडल्यात. बोटाच्या टोकाने फुटलेले खळगे मोजत होतात. तापाची ६५० मिलिग्रॅमची, दर चार तासांनी. सर्दीची वेगळी, दिवसातून ३. अंगदुखीची आणखी वेगळी, तीही ३. नावं तीन, रंग तीन. तिन्हींच्या मागे बारीक अक्षरात पॅरासिटामॉल. दिवसाला ६ ग्रॅमच्या वर, सलग तीन दिवस. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या पुढे जायचं नसतं, आणि ही पोर तर उलट्यांमुळे उपाशी होती. या औषधाचा थोडा भाग शरीरात विषारी होतो, लिव्हरमधलं ग्लुटाथायोन तो निकामी करतं, आणि उपाशी माणसात तो साठाच आटलेला असतो, असं तुम्ही नंतर समजावलंत. त्या क्षणी मला एकच दिसत होतं. त्यातली प्रत्येक गोळी मी माझ्या हाताने, उठवून उठवून दिली होती.

विचारावं लागतं म्हणून विचारते, असं म्हणून तुम्हीही तो प्रश्न विचारलात, तिने मुद्दाम काही घेतलं का. एकदाच, मला बाजूला नेऊन. मी नाही म्हटल्यावर विश्वास ठेवलात. मग म्हणालात, "काका, ताप उतरावा म्हणूनच दिल्यात ना?" तेवढ्यात दारातून तिची आई येताना दिसली. तुम्ही सगळ्या स्ट्रिप गोळा केल्यात आणि एप्रनच्या खिशात टाकल्यात. "माझं लिहून झालंय. आता या इथे पडायला नकोत."

मॅडम, हे पत्र खरं तर त्या खिशासाठी आहे.

बाकी सगळं इतर वाचतीलच, त्यांना कळेलही. रक्तातल्या पॅरासिटामॉलच्या पातळीची वाट न बघता तुम्ही एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा सुरू केलात, कारण गोळ्या थोड्या थोड्या जात राहिल्या असतील तर ती पातळी दिशाभूल करू शकते. पहाटे साखर ४१ वर आली ती तुमच्याच माणसांनी पकडली. कारण सापडलं तरी हिपॅटायटिस ए, बी, ई आणि शरीरात तांबं साठवणाऱ्या विल्सन आजाराच्या तपासण्या पाठवल्यात. प्रत्यारोपणाच्या टीमला पहिल्याच रात्री कळवून ठेवलंत.

तिसऱ्या दिवशी एन्झाइम निम्म्यावर आले म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात होतो. तुम्ही म्हणालात, "थांबा काका, मरायला पेशीच उरल्या नाहीत तरी हा आकडा उतरतो. आपण आयएनआर बघायचा." आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वाढला की वाईट. तो ४.२ वरून ५.१ वर गेला होता. प्लाझ्मा द्या म्हणून मी हात जोडले, तर रक्तस्राव नसताना तो दिल्याने आकडा नुसता चांगला दिसेल आणि लिव्हर स्वतः काय करतंय ते कळणार नाही, हे तुम्ही उभ्या उभ्या नाही, बसून सांगितलंत. पाचव्या दिवशी ३.६. सातव्या दिवशी २.१. ऑपरेशनची वेळ आली नाही.

हुशार डॉक्टर पुष्कळ असतील. समोरच्याची चूक हातात सापडल्यावर ती त्याच्या तोंडावर न फेकणारी माणसं कुठल्याच क्षेत्रात फार भेटत नाहीत. हिशोब चोख ठेवायचा आणि माणसाला उघडं पाडायचं नाही, हे दोन्ही एकाच वेळी जमतं, हे मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिलं.

तिच्या आईला मी परवा सगळं सांगितलं, स्वतःहून. त्यासाठी लागणारा वेळ तुम्ही मला दिला होतात.

लेकीला त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही. तुम्हीही नाही. कोण होत्या त्या मॅडम, असं विचारत असते. शुक्रवारी फेरतपासणीला येतोय. तेव्हा पाच मिनिटं ओपीडीच्या बाहेर या. तिला तुमचा चेहरा बघायचाय.

आपला,
तिचा बाबा