स्टँडवर घ्यायला येऊ नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटीनं कऱ्हाडला येतेय. एकटीच. बाबा, स्टँडवर येऊ नका. लपून उभे राहिलात तरी तुमचा खोकला मी गर्दीतही ओळखते.

तुम्ही विचारलं होतंत, अंधांच्या त्या प्रशिक्षण केंद्रात वेताच्या खुर्च्या विणायला शिकवतात का? नाही हो. पहिला महिना नुसता चालण्यात गेला. डावा पाय पुढं पडताना काठीचं टोक उजवीकडं टेकवायचं, उजवा पडताना डावीकडं. म्हणजे पुढचं पाऊल पडायची जागा काठीनं आधीच चाचपलेली असते. हातपाय जुळेपर्यंत दोन्ही नडग्या सोलल्या. आई, हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं.

पातेलं आधी बर्नरवर नीट बसवायचं, मगच लायटर. तुझं नेमकं उलटं असतं. मोहरी कानाला कळते, हळद जळाली तर नाकाला. दूध मात्र अजून उतू जातं, म्हणून शिट्टीचं भांडं घेतलंय. नजर गेल्यापासून चार वर्षं तू मला गॅसपाशी फिरकू दिलं नाहीस. राग नाही गं, पण घोटभर चहासुद्धा मागून प्यायचा, याची लाज वाटायची.

नव्या नोटांत शंभराची १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटरचा फरक घाईत बोटांना कुठला कळायला? मी पाचशेची दुमडून वेगळ्या खणात ठेवते.

कॉम्प्युटरला माउस लागत नाही. एनव्हीडीए हे फुकटचं सॉफ्टवेअर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं. मराठी मात्र सर्दी झालेल्या गुरुजींसारखं. हे पत्र त्याच्यावरच टाइप केलंय. एका मुलाखतीत साहेबांनी माझ्यासोबतच्या मैत्रिणीला विचारलं, "यांना एक्सेल येतं का?" मी म्हटलं, यांनाच विचारा.

नोकरी तिथं मिळाली नाही. आता बँकेच्या क्लार्कची परीक्षा देणार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी १ टक्का जागा आहेत. परीक्षेला लेखनिक मिळतो आणि तासामागं २० मिनिटं जास्त.

मी येईपर्यंत एवढं करा. तिपाई जागची हलवू नका. दारं सताड उघडी ठेवा नाहीतर पूर्ण लावून घ्या. अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर बसते. आणि आई, साखर-मिठाचे डबे कुठं ते आल्याआल्या दाखव. शनिवारचा चहा माझ्याकडं.

तुमची,
मनू