प्रयोगशाळेतली त्वचा तयार होईपर्यंत रुग्ण जगायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या, छापलेल्या कानाच्या, कृत्रिम श्वासनलिकेच्या बातम्या आपण देता आणि मी त्या आवर्जून वाचते. माझी सगळी नोकरी बर्न्स वॉर्डात परिचारिका म्हणून झाली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. या बातम्या खोट्या असतात असे मला म्हणायचे नाही. पण त्यांत एक गोष्ट हटकून राहून जाते, ती म्हणजे वेळ. ही त्वचा तयार व्हायला किती दिवस लागतात आणि तेवढे दिवस रुग्ण कशावर जगतो, हे कोणी लिहीत नाही.

याचा परिणाम काय होतो तो मी पाहिला आहे. एका घरी आई गेल्यावर त्वचादानाचा विषय निघाला तेव्हा मुलगा म्हणाला, ‘‘सिस्टर, आता तर त्वचा लॅबमध्ये बनवतात ना? मग आमच्या आईची कशाला घेता?’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. वाचलेल्या बातमीवर त्याने विश्वास ठेवला होता, इतकेच. मी समजावून सांगेपर्यंत नातेवाईक जमले, पुढची तयारी सुरू झाली आणि विषय तिथेच राहिला. त्याला जे नीट सांगता आले नाही ते या पत्रात लिहिते आहे.

त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत 1975 साली अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी प्रसिद्ध केली. माणसाच्या त्वचेच्या पेशी एकट्या नीट वाढत नव्हत्या. त्यांनी उंदराच्या, वाढ थांबवलेल्या पेशींचा थर खाली अंथरला आणि त्यावर त्या वाढू लागल्या. 1983 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी ही पद्धत दोन लहान भावंडांवर वापरली. मुले पाच-सहा वर्षांची होती आणि अंग 95 टक्क्यांहून जास्त भाजलेले. काखेतल्या न भाजलेल्या त्वचेचा छोटासा तुकडा घेऊन त्यापासून इतकी त्वचा वाढवली, की निम्म्याहून जास्त शरीर झाकले गेले. दोघेही वाचले. ऊती अभियांत्रिकीतले, म्हणजे पेशींपासून शरीराचे भाग घडवण्याच्या शास्त्रातले, हे सोन्याचे पान आहे, आणि ग्रीन यांचे नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असायला हवे असे मला वाटते.

पण या पेशींची चादर तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. तोपर्यंत त्या मुलांच्या उघड्या जखमांवर जी आच्छादने होती, त्यांत मरणोत्तर दान मिळालेली त्वचाही होती. बातमीत नेमके हेच येत नाही.

तीन आठवडे म्हणजे काय, हे वॉर्डात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. चाळीस-पन्नास टक्के भाजलेल्या माणसाच्या अंगातून पाणी आणि प्रथिने सतत झिरपत राहतात. जंतूंना अडवायला काहीच नसते. ड्रेसिंगच्या ट्रॉलीच्या चाकांचा आवाज कॉरिडॉरमध्ये आला की मोठी माणसेसुद्धा रडू लागतात. गॉज जखमेला चिकटलेला असतो, त्यावर सलाइन ओतत ओतत तो बोटभर बोटभर सोडवायचा. औषध दिलेले असले तरी वेदना संपत नाही. आणि हे पुन्हा उद्या किंवा परवा.

त्याच जखमेवर दान केलेली त्वचा लावली की काय होते, तेही पाहिले आहे. टिकवण्यासाठी ग्लिसरॉलमध्ये ठेवल्याने ती पांढुरकी, कडक झालेली असते. सलाइनमध्ये धुतली की नरम पडते आणि जखमेवर बसते. झिरपणे कमी होते, वेदना एकदम उतरते, रुग्ण त्या रात्री झोपतो. ती कायमची राहत नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर तिला नाकारते आणि ती सुटून येते. पण तोवर रुग्णाला तग धरता येतो, आणि सर्जनला रुग्णाच्याच मांडीवरची किंवा पाठीवरची उरलेली चांगली त्वचा थोडी थोडी घेऊन रोपण करता येते. रक्तगट जुळावा लागत नाही. एका माणसाची त्वचा दुसऱ्या कोणालाही चालते.

आणखी एक गोष्ट आहे. प्रयोगशाळेत वाढते ती फक्त वरची, काही पेशींच्या जाडीची बाह्यत्वचा. खोल भाजल्यावर खालची अंतस्त्वचाही गेलेली असते आणि तिच्याविना ही नाजूक चादर फोड येऊन निघून जाते. अमेरिकेतल्या चार्ल्स कुओनो यांनी 1986 मध्ये यावर उपाय दाखवला: आधी दान केलेली त्वचा लावायची, ती रुजली की शरीर मुख्यतः ज्याला नाकारते तो तिचा वरचा थर काढायचा, खालची अंतस्त्वचा राहू द्यायची आणि त्यावर रुग्णाच्या पेशींची चादर बसवायची. म्हणजे प्रयोगशाळेतल्या त्वचेलाही दान केलेल्या त्वचेचा पाया लागतो. जर्मनीत बोखुमला 2015 साली सात वर्षांच्या मुलाच्या शरीराचा सुमारे 80 टक्के पृष्ठभाग जनुक दुरुस्त केलेल्या बाह्यत्वचेने झाकला गेला, ते काम अद्भुतच आहे. पण त्या मुलाला त्वचेचा अनुवंशिक आजार होता, तो भाजलेला नव्हता. स्टोव्हच्या भडक्यात सापडलेल्या बाईची अवस्था वेगळी असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते भारतात दरवर्षी 10 लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात. इतक्यांसाठी पेशींच्या चादरी वाढवणे कोणत्या रुग्णालयाला परवडेल? म्हणूनच आपल्याकडच्या सर्जननी जे केले त्याचा मला जास्त अभिमान वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी छापून येते याचे वाईट वाटते. मुंबईत डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमेवर बांधल्या आणि 1985 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग वापरले आणि 2003 मध्ये बटाट्याच्या सालीशी त्याची रीतसर तुलना करून दाखवली. दोन्ही सारखीच उपयोगी, पान कितीतरी स्वस्त. पान जखमेला चिकटत नाही, काढताना रुग्ण ओरडत नाही. केळीच्या पानाला कोणी ऊती अभियांत्रिकी म्हणणार नाही, पण प्रश्न तोच आहे: गेलेल्या त्वचेच्या जागी काय ठेवायचे? त्याच रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी आहे. या पेढ्यांमध्ये रात्री-अपरात्री फोन घेऊन निघणाऱ्या डॉक्टरांच्या आणि तंत्रज्ञांच्या मुलाखती आपल्या रविवार पुरवणीत वाचायला मिळाव्यात.

नुसत्या उत्साहाच्या बातम्यांनी काय होते त्याचे उदाहरण स्वीडनचे आहे. 2011 मध्ये तिथले सर्जन पाओलो मॅकियारिनी यांनी रुग्णाच्या पेशी पेरलेली प्लास्टिकची श्वासनलिका बसवली तेव्हा जगभर कौतुक झाले. स्वीडनमधले त्यांचे तिन्ही रुग्ण पुढे मरण पावले आणि 2023 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मॅकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. रुग्णांच्या प्रकृतीची खरी नोंद बाहेर आणली ती त्यांच्यासोबत काम करणाऱ्या डॉक्टरांनी. सुरुवातीलाच कोणी ‘सहा महिन्यांनी रुग्ण कसा आहे?’ एवढे विचारायला हवे होते.

उलट, नीट तपशील दिला तर छापील मजकूर काय करू शकतो याचा दाखला आपल्या पुण्याचाच आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 च्या अंकात संपादकांना लिहिलेले एक पत्र आले होते. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रज सैन्यासोबत होता; टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. पत्रलेखकाने सगळे लिहिले: मेणाची पातळ पट्टी नाकाच्या जागी बसवून माप कसे घेतले, ते कपाळावर ठेवून रेघ कशी मारली, भुवयांच्या मधला जोडलेला देठ तसाच ठेवून कपाळाचे सोडवलेले कातडे नाकावर कसे फिरवले, कापडाच्या पट्ट्यांवर कात लावून सांधा कसा धरला, चौथ्या दिवसापासून तुपात भिजवलेले कापड कसे ठेवले आणि देठ साधारण पंचविसाव्या दिवशी कसा तोडला. ते वाचून इंग्रज सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी पुढे बराच अभ्यास केला आणि 1814 मध्ये लंडनला ती शस्त्रक्रिया करून दाखवली. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव मात्र पत्रात नव्हते, आणि ते आजही कोणाला ठाऊक नाही.

म्हणून दोन विनंत्या. प्रयोगशाळेतल्या त्वचेची बातमी देताना ती किती दिवसांत वाढते, किती रुग्णांवर वापरली आणि वर्षभराने ते कसे आहेत, हे कृपया विचारून छापावे. आणि निधनवार्तांच्या पानाच्या तळाशी रोज चार ओळी द्याव्यात: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत जवळच्या त्वचापेढीला फोन करावा, अठरा वर्षांवरील व्यक्तीची त्वचा घेता येते, वयाची वरची मर्यादा नाही, एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग असल्यास घेत नाहीत, डॉक्टर घरी येतात, मांड्या, पाय आणि पाठीवरचा अगदी पातळ थर घेतात, रक्तस्राव होत नाही, पाऊण तासात पट्ट्या बांधून देह परत देतात, मृत्यूचा दाखला तयार ठेवावा. नेत्रदान केले असले तरी त्वचादान करता येते. सोबत आपल्या आवृत्तीच्या जिल्ह्यातल्या त्वचापेढीचा क्रमांक द्यावा. जिल्ह्यात पेढी नसेल तर तसे स्पष्ट छापावे, म्हणजे ती का नाही हे लोक पालकमंत्र्यांना विचारतील.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, ठाणे