मतदानाचं राहू द्या, आमच्या पगाराचं बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला लिबियावरचा लेख काल वाचला. लेखकाचा अभ्यास दांडगा आहे, यात शंका नाही. 17 मार्च 2011 ला सुरक्षा परिषदेत लिबियावर लष्करी कारवाईची मुभा देणाऱ्या ठराव क्रमांक 1973 वर भारत तटस्थ राहिला, नाटोच्या बॉम्बफेकीत आपले हात बरबटले नाहीत, पुढे त्या देशाची जी दशा झाली ती पाहता आपलीच भूमिका खरी ठरली, वगैरे. पान भरून मजकूर आहे. त्यात तिकडे राबणाऱ्या अठरा हजार भारतीयांच्या वाट्याला एक वाक्य आलंय: 'सर्वांना सुखरूप मायदेशी आणण्यात आले.' पूर्णविराम.

त्या 'सर्वां'पैकी मी एक. लिबियातल्या बेनगाझीजवळच्या घरबांधणीच्या साइटवर पाइप फिटर होतो. तेव्हा ह्या पूर्णविरामाच्या पुढचं थोडं लिहितो, जागा असल्यास छापावं.

सुखरूप आणलं, हे खरंच. नाही म्हणणारा कृतघ्न ठरेल. फेब्रुवारीच्या मध्यावर बेनगाझीत गोळीबार सुरू झाला, कंपनीचे गोरे साहेब एका रात्रीत पसार झाले, जाताना पासपोर्टांच्या कपाटाची किल्लीही घेऊन गेले. आम्ही कॅम्पात डाळ-तांदूळ मोजून शिजवत बसलो होतो. मग सरकारने 'स्कॉटिया प्रिन्स' नावाची जुनी प्रवासी बोट भाड्याने घेतली. समुद्र इतका खवळलेला की बोट धक्क्याला लागायलाच वेळ लागला. दूतावासाची माणसं बंदरावर उभं राहून रेघी कागदावर नावं लिहीत होती, ज्यांच्याकडे पासपोर्ट नव्हते त्यांचे कागद तिथल्या तिथे करून देत होती. बोटीतून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला, तिथून विमानाने घरी. एक पैसा घेतला नाही. त्या माणसांना माझा आजही नमस्कार आहे.

पण मी घरी आलो तो रिकाम्या हाताने. डिसेंबरपासूनचा पगार, ओव्हरटाइम आणि कराराच्या शेवटी मिळायची रक्कम, सगळं तिकडे अडकलं. माझ्याकडे फोरमनच्या सहीची टाइमशीटं आहेत. निघताना बाकीचं सामान टाकलं, पण ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधून आणली. आज त्यावरची शाई फिकी पडलीय, सही अजून वाचता येते. मुंबईला जाऊन दाखवली, तर 'कंपनी तिकडची, तुम्ही एजंटला धरा' असं उत्तर मिळालं. एजंटाकडे गेलो तर त्याच्या गाळ्यात मोबाइलचं दुकान. दिल्लीला अर्ज पाठवला, त्याची पोचपावती आली. स्मरणपत्र पाठवलं, त्याचीही पोचपावती आली. दिल्ली ह्या कामात फार चोख आहे.

आता लेखकमहाशय विचारतील, ह्याचा परराष्ट्र धोरणाशी काय संबंध? सांगतो. आमच्या आळीतले एक काका कुवेतला होते. 1990 ला सद्दामने कुवेत गिळलं, तेव्हा काका बसने वाळवंट तुडवत जॉर्डनमधल्या अम्मानला आणि तिथून एअर इंडियाने मुंबईला आले. तेही रिकाम्या हाताने. पण पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचा आयोग नेमला, इराकच्या तेलातून पैसा वळता करायचं ठरलं आणि कुवेत सोडून यावं लागलेल्या साध्या कामगारालाही अडीच हजार ते चार हजार डॉलर ठरले. आपल्या सरकारने गावोगावच्या माणसांकडून फॉर्म भरून घेऊन तिकडे पोचवले. काकांना पैसे मिळायला वर्षं लागली, पण मिळाले. त्यातून घरावर स्लॅब पडला. त्या आयोगाचा शेवटचा हप्ता तर अलीकडे, 2022 साली फिटला. म्हणजे मनात आणलं तर तीस वर्षं चिकाटीने वसुली होते!

कायदेपंडित म्हणतील, इराकने दुसऱ्याच्या घरात घुसखोरी केली होती, लिबियातलं भांडण घरातलं होतं, तिथे भरपाई कोणाकडून मागणार? मान्य. भरपाई नका मागू. आम्ही भरपाई मागतच नाही, केलेल्या कामाचा पगार मागतोय. आणि पैसा नव्हता असं तर मुळीच नाही. लिबियाचा हुकूमशहा गडाफी, त्याच्या राजवटीचा परदेशांतला पैसा ठराव क्रमांक 1970 आणि 1973 ने गोठवून ठेवला होता. त्यात लिबियाची मध्यवर्ती बँक होती, तेल महामंडळ होतं. ठराव 1970 ला तर भारताने बाजूनेच मत दिलं होतं.

इथेच लेखकांची सगळी मांडणी लंगडी पडते. ते एका मतदानाभोवती फिरतात. पण भारत सुरक्षा परिषदेत 2011 आणि 2012 अशी दोन वर्षं बसला होता. राजधानी त्रिपोली पडलं तो महिना ऑगस्ट 2011, आणि त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद कोणाकडे होतं? भारताकडे. सप्टेंबरात ठराव क्रमांक 2009 ने गोठवलेला पैसा सोडायला सुरुवात झाली, तो ठराव एकमताने झाला, म्हणजे आपलाही हात वर होता. त्या हाताबरोबर तोंड उघडून 'आमच्या कामगारांची देणी आधी बाजूला काढा' एवढं म्हणायला काय हरकत होती? म्हटलं असेल तर आमच्या कानावर तरी आलं नाही. ब्राझील, रशिया, चीन, जर्मनीच्या पंगतीला बसून तटस्थ राहिलो ह्याचं कौतुक किती दिवस करायचं?

आणि ही तटस्थता फार खोल विचारातून आली होती असंही निदान मला वाटत नाही. 14 मार्चला गडाफीने भारत, रशिया, चीनच्या राजदूतांना बोलावून तेलात गुंतवणूक करा असं आवतण दिलं, हे तेव्हा छापून आलं होतं. त्याच्या महिनाभर आधी, 11 फेब्रुवारीला, तिकडे इजिप्तचे मुबारक पायउतार होत असताना आपले परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा (पूर्वी आपल्याच राज्याचे राज्यपाल) सुरक्षा परिषदेत बराच वेळ पोर्तुगालच्या मंत्र्यांचं भाषण वाचत होते. शेजारच्या अधिकाऱ्यांनी कागद बदलून दिला. ठराव 1973 वर पोर्तुगालने बाजूने मत दिलं. त्या दिवशी तरी आपण आपलाच कागद वाचला, हेच नशीब म्हणायचं.

लेखात 2014 चा उल्लेखच नाही, ह्याचंही आश्चर्य वाटलं. तीन वर्षांत पुन्हा तीच पळापळ, पुन्हा माणसं परत आणली, पुढे दूतावासही शेजारच्या ट्युनिशियातल्या ट्युनिसमधून कारभार पाहू लागला. ह्या दुसऱ्या खेपेला सापडलेल्यांत आमचा एक वेल्डर होता. पहिल्या खेपेला सुटून आलेला माणूस परत का गेला? जुनी कंपनी पुन्हा काम सुरू करतेय, जुना हिशेब देणार आहे, असं त्याला कोणीतरी सांगितलं म्हणून. सरकार मागत नाही म्हटल्यावर माणूस स्वतः मागायला गेला. लेखक त्याला 'धोक्याची सूचना डावलून जाणारे' म्हणतील. म्हणोत.

ताजा कलम : लेखासोबतच्या नकाशात बेनगाझी त्रिपोलीच्या पश्चिमेला, जवळजवळ ट्युनिशियात दाखवलंय. ते पूर्वेला आहे, रस्त्याने हजार किलोमीटरवर. अंक वाढीव किमतीचा झाला तेव्हापासून नकाशे आणि आकृत्या कोण तपासतं, कळत नाही. शिवाय आमच्या तालुक्याला पुरवणी गेले कित्येक आठवडे मुख्य अंकाबरोबर न येता दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात येते. पेपरवाला म्हणतो डेपोला विचारा, डेपो म्हणतो पुण्याला विचारा. नकाशाची दुरुस्ती छापली तर ती तरी त्याच दिवशी पोचेल अशी व्यवस्था व्हावी.

आपला,
एक जुना लिबियावाला
ता. खेड, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये. एजंटाची माणसं अजून इकडेच असतात.)