व्याख्यानांचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण उपलब्ध करून द्यावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहाटे टेकडीवर धावणाऱ्यांच्या कानात गाणीच चालू असतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात माझ्यासारखे अनेक जण त्या तासाभरात कायदा, इतिहास आणि तंत्रज्ञान या विषयांवरील अभ्यासपूर्ण व्याख्याने ऐकत असतात, आणि ती बहुतेक इंग्रजीच असतात. मराठीत वक्ते नाहीत म्हणून नव्हे, तर त्यांची व्याख्याने ऐकण्याजोग्या स्वरूपात मिळत नाहीत म्हणून. याकडे व्याख्यानमालांच्या आयोजकांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

बीबीसीची रीथ व्याख्याने १९४८ पासून सुरू आहेत. त्यांतील २०१९ सालची जोनाथन सम्प्शन यांची कायदा व राजकारण या विषयावरील व्याख्याने आणि २०२१ सालची स्टुअर्ट रसेल यांची कृत्रिम बुद्धिमत्तेवरील व्याख्याने मी धावतानाच ऐकली. सम्प्शन हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. युरोपीय मानवी हक्क करारातील खासगी जीवनाविषयीच्या आठव्या कलमाची व्याप्ती न्यायालयांनी फार वाढवली आणि संसदेने सोडवायचे प्रश्न स्वतःकडे घेतले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चढावर धाप लागली की एखादे वाक्य निसटते, पण मांडणी इतकी पायरीपायरीची आहे की मुद्दा निसटत नाही. उतारावर मात्र मनातल्या मनात त्यांच्याशी वाद सुरू होतो, कारण आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला, आणि तो मला मनापासून योग्य वाटतो. हा वाद एखाद्या जाणकाराने मराठीत मांडलेला मला ऐकायचा आहे.

तशी परंपरा आपल्याकडे आहेच. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. आज व्याख्याने होतात, त्यांचे चित्रीकरणही होते. पण पहिला अर्धा तास दीपप्रज्वलन, सत्कार आणि परिचयात जातो, आवाज सभागृहाच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या मोबाइलवर टिपल्यामुळे घुमतो, आणि शीर्षकात संस्थेचे नाव असते, विषयाचे नसते. फोन कमरेच्या पट्ट्यात ठेवून धावणाऱ्याला हे सारे पुढे सरकवत बसणे शक्य नसते. ध्वनिक्षेपकाच्या यंत्रणेतूनच थेट मुद्रण घेतले, तर फारशा जादा खर्चाशिवाय स्वच्छ आवाज मिळू शकतो.

वक्त्यांनाही एक विनंती आहे. पानिपतावर बोलताना पडद्यावरच्या नकाशाकडे बोट दाखवून ‘ही इथे मराठ्यांची छावणी, हा तिकडे अब्दाली’ असे म्हटले की केवळ ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘छावणीच्या पूर्वेला यमुना, दक्षिणेला दिल्ली, आणि बागपतजवळ नदी ओलांडून अब्दाली मराठे व दिल्ली यांच्या मध्ये आला’ असे सांगितले, तर रसद का तुटली हे नकाशाविना उमगते. सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्यांनाही त्याचा उपयोगच होईल.

हक्कांचा प्रश्न मात्र नीट हाताळायला हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील ‘परफॉर्मर’च्या व्याख्येत नट आणि गायकांप्रमाणेच व्याख्यान देणाऱ्या व्यक्तीचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे ध्वनिमुद्रण व त्याचे प्रसारण या दोन्हींसाठी वक्त्याची लेखी संमती आधीच घ्यावी. निमंत्रणपत्रासोबत एक पानी मसुदा पाठवला तरी पुरे. ज्यांची इच्छा नसेल त्यांचे व्याख्यान अर्थातच वगळावे.

वाहत्या रस्त्यावर कान बंद करून धावू नये, हे मलाही मान्य आहे. मी टेकडीवरच, तेही एकाच कानात इअरफोन घालून ऐकतो.

येत्या हंगामात आयोजकांनी निदान या तीन विषयांवरील व्याख्यानांपासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक मुद्रणाला वक्त्याचे नाव, विषय व तारीख द्यावी. सुरुवातीचा औपचारिक भाग कापणे, फायलींना नावे देणे ही कामे विनामोबदला करायला आम्ही धावणारे काही जण तयार आहोत.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे