ऑइल पिणाऱ्या एमआरटूची तपासणी शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट आम्हाला मान्य आहे, म्हणून नुसतंच काका. इंग्लंडात टोयोटाची जुनी एमआरटू रोडस्टर सांभाळणारे आम्ही काही मराठी लोक हे आभारपत्र मुद्दाम सगळ्यांदेखत लिहितोय. तुम्ही शिकवलेली तपासणी ही गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी, विशेषतः 2000 ते 2002 मधली गाडी असेल तर.

या गाडीने ऑइल प्यायला सुरुवात केली की जो तो थेट ‘इंजिनकाम’ म्हणतो. तुम्ही पहिल्यांदा मोजमाप मागितलंत. गाडी सपाट जागी उभी, इंजिन गरम करून बंद, दहा मिनिटं थांबायचं, मग ऑइल मोजायची काठी पुसून पातळी बघायची. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरायचं आणि मैलांचा आकडा लिहायचा. पुढे जेवढं घालाल ते खुणांच्या भांड्यातून, मिलिलिटरमध्ये. 1000 मैल झाले की पुन्हा त्याच जागी, त्याच पद्धतीने बघायचं. ‘थोडंसं टाकतो अधूनमधून’ याला तुमच्या लेखी काही किंमत नव्हती, आणि ते बरोबरच होतं. या इंजिनात फिल्टरसकट जेमतेम 3.7 लिटर ऑइल मावतं. दीड लिटर कमी झालेलं असताना वळणावर गाडी जोरात घातली, तर ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंगांचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

दुसरा प्रश्न गळतीचा. खालचं प्लास्टिकचं आवरण ऑइल धरून ठेवतं, त्यामुळे जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही असं या गाडीत समजू नये. आवरण काढा, इंजिन धुऊन कोरडं करा, ऑइलमध्ये चमकणारा रंग घाला आणि दोनेकशे मैलांनी अतिनील दिवा मारा. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आणि टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) या दोन जागा आधी बघायच्या. ओ-रिंगला किंमत जवळपास नाहीच, पण तिच्यातून झिरपलेलं ऑइल बघून माणसं इंजिनाला दोष देतात.

मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली वाफ इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) सोडणारी एकमार्गी झडप. काढून हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) बाजूने फुंकलं तर हवा सहज जायला हवी, इनटेकच्या बाजूने जवळपास नाही. दोन्हीकडून सारखीच जात असेल तर तो इंजिनातली ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये ओढू देतोय. स्वस्त भाग आहे, शंका आली तरी बदलावा.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र आहे ती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, चारही सिलिंडरांत चांगलं, एकमेकांच्या जवळ, आणि तरी ऑइल जातंच आहे. गॅरेजवाले सांगतात की पिस्टनच्या रिंगा ठीक आहेत. तुम्ही पिस्टन हातात धरून दाखवलंत की वरच्या दोन रिंगा दाब धरतात आणि गेज फक्त त्यांचीच परीक्षा घेतो. ऑइल खरवडून खाली पाठवायचं काम तिसऱ्या रिंगेचं. तिच्या मागे खाचेत ऑइल परत जायला भोकं असतात. या गाडीच्या ‘वन-झेडझेड’ नावाच्या इंजिनाच्या सुरुवातीच्या पिस्टनांत ती मोजकी आणि बारीक आहेत. त्यांत ऑइल जळून कार्बन बसला की भोकं बुजतात, रिंग खाचेतच चिकटते, आणि सिलिंडरच्या भिंतीवर राहिलेलं ऑइल पेट्रोलबरोबर जळतं. नंतरच्या पिस्टनांत टोयोटाने ही भोकं सुधारली. चांगलं कॉम्प्रेशन हा म्हणूनच या गाडीत निर्दोष असल्याचा दाखला नव्हे.

तुमचं उलट चिन्ह आम्ही आता सगळ्यांना सांगतो. प्लग काढून बोअरस्कोप (नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा) आत घाला आणि पिस्टनचा माथा बघा. मधोमध काळा थर, पण कडेला धुतल्यासारखी चकचकीत गोल पट्टी दिसली, तर ऑइल रिंगांवरून वर येतंय. त्याच वेळी भिंतीवरच्या होनिंगच्या (कारखान्यात घासून पाडलेल्या) तिरप्या रेघा शाबूत आहेत का, उभे ओरखडे आहेत का, तेही बघून घ्यायचं. धुराची भाषा वेगळी: रात्रभर उभी राहून सकाळी स्टार्ट करताच एक निळा भपका आला तर आधी व्हॉल्व्ह स्टेम सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणाऱ्या रबरी टोपीवर) संशय घ्या. लांब उतारावर पाय सोडून मग ॲक्सिलरेटर दाबल्यावर आला, तर सील किंवा रिंगा, दोन्हींपैकी काहीही. त्यावरून एकट्याने निकाल देऊ नये.

उभे ओरखडे दिसले की प्री-कॅट, म्हणजे धूर साफ करणाऱ्या मुख्य कॅटच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच असलेला छोटा कॅट, बघायचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचे दोन ऑक्सिजन सेन्सर 22 च्या पान्याने काढून टॉर्च मारली की आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी दिसते. जळक्या ऑइलने ती तापून फुटते आणि तिचा भुगा एक्झॉस्टमधून उलटा सिलिंडरात ओढला जातो. मग सिलिंडरची भिंत खरवडली जाते, ऑइल आणखी जातं, जाळी आणखी फुटते. इथे ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ चालत नाही. प्री-कॅट नसलेला मॅनिफोल्ड बसवा, पण खालचा मुख्य कॅट जागेवरच राहू द्या, नाहीतर एमओटीत, म्हणजे इथल्या गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीत, गाडी अडकेल.

सिलिंडरच्या भिंती चांगल्या असतील तर चिकटलेल्या रिंगा भिजवणं. क्रँक हाताने फिरवून चारही पिस्टन मध्यावर आणायचे, प्रत्येकात साधारण 50 मिली कार्बन विरघळवणारं द्रावण ओतून रात्रभर ठेवायचं, अधूनमधून क्रँक किंचित हलवायची. सकाळी उरलेलं ओढून काढायचं आणि प्लग न लावता, भोकांवर फडकं टाकून स्टार्टर फिरवायचा. हे विसरलं तर द्रवाने पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वाकतो. लगेच ऑइल आणि फिल्टर बदलायचा, कारण द्रावण खाली उतरून ऑइल पातळ करतं. मग पुन्हा तेच 1000 मैलांचं मोजमाप. फरक पडला तर आणखी एकदा, नाही पडला तर नवे पिस्टन-रिंगा किंवा नंतरचं इंजिन. घट्ट 20डब्ल्यू-50 ओतून धूर झाकायला तुम्ही जो नकार दिलात, तो आम्हाला पटला. त्याने बुजलेलं भोक उघडत नाही, आणि इंग्लंडच्या थंडीत सुरुवातीला ऑइल वर पोचायला उशीर होतो तो वेगळाच.

जाता जाता: भारतात 2003 पासून विकल्या गेलेल्या कोरोलातही हेच वन-झेडझेड इंजिन होतं. पुण्याकडचे नातेवाईक जुन्या कोरोलाच्या निळ्या धुराबद्दल विचारतात, तेव्हा पीसीव्ही, बोअरस्कोप आणि मोजमाप एवढं आम्ही तुमचंच सांगतो.

एक शंका राहिली आहे. स्टेम सील हेड न उतरवता, प्लगच्या भोकातून दोरी भरून व्हॉल्व्ह वर धरून बदलता येतात असं तुम्ही म्हणाला होतात. दोरी किती जाड घ्यावी आणि पिस्टन नेमका कुठे थांबवावा, हे सवडीने कळवा.

आपले आभारी,
इंग्लंडातले एमआरटूवाले