विनामूल्य संगीताचे लेबल सुरू करू पाहणाऱ्या मुलास

पुणे

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची सगळी गाणी मिळाली. मित्रांनी मिळून स्वतःचे लेबल, म्हणजे संगीत प्रसिद्ध करणारी छोटी संस्था, सुरू करायचे, त्यावरचे संगीत कोणालाही एक पैसा न घेता उतरवून घेऊ द्यायचे आणि या ध्वनिमुद्रिकेपासून सुरुवात करायची, हा तुमचा बेत मला मनापासून आवडला. मी आणि माझ्या मैत्रिणींनी असे लेबल बरीच वर्षे चालवले आहे, त्यामुळे तुझ्या पत्रातला उत्साह मला ओळखीचा वाटला. परवाना कोणता निवडावा आणि पैशांचे काय करावे, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. त्यांची उत्तरे देतेच, पण ज्या एका गोष्टीवर ती अवलंबून आहेत, ती आधी सांगते. विकायला ठेवलेले गाणे बाजारातून काढून घेता येते, त्याची किंमत बदलता येते, करार संपवता येतो. मोकळ्या परवान्याखाली एकदा दिलेले गाणे मात्र परत घेता येत नाही. म्हणून विक्री करणाऱ्या कंपनीने जी काळजी पुढे केव्हातरी घेतली तरी चालते, ती आपल्याला गाणे बाहेर पडण्यापूर्वीच घ्यावी लागते, आणि फुकट देणाऱ्या लेबलचे जवळजवळ सगळे काम या आधीच्या काळजीतच असते.

ही परंपरा तुला वाटते त्याहून जुनी आहे. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रामरने अमिगा संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' तयार केला. त्यात एका वेळी चारच ध्वनी वाजत, पण वाद्यांचे मुद्रित तुकडे आणि ते केव्हा, कोणत्या स्वरात वाजवायचे याची मांडणी, हे दोन्ही एकाच फाइलमध्ये असे. त्यामुळे ज्याच्या हाती ती फाइल पडे त्याला गाणे ऐकता तर येईच, शिवाय ते कसे बांधले आहे हे ओळीओळीने पाहताही येई. युरोपातली मुले अशा फाइली फ्लॉपीवर घालून टपालाने एकमेकांना पाठवत. पुढे इंटरनेट आणि एमपीथ्री आल्यावर याच मंडळींतून मोनोटोनिक, काहवी, थिनर यांसारखी नेटलेबले, म्हणजे इंटरनेटवरूनच संगीत देणारी लेबले, उभी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग काढून साठवणुकीचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला, डिसेंबर २००२ मध्ये कलाकृती मोकळेपणाने वापरू देणारे, क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने आले, आणि जानेवारी २००७ मध्ये त्याच परवान्यांच्या भारतीय प्रकल्पाचे उद्घाटन पवईच्या आयआयटीत झाले. संगीत हातोहात वाटण्याची सवय आधीपासूनच होती. परवान्यांनी तिला कायद्याची भाषा दिली, एवढेच.

आता परवान्याविषयी. क्रिएटिव्ह कॉमन्सचे मुख्य परवाने सहा आहेत आणि सहाही परवान्यांत कलावंताचे नाव देणे बंधनकारक आहे. त्यापुढे तीन अटी येतात, त्या हव्या तर घ्यायच्या, नको तर सोडायच्या: व्यापारी वापर करू नये, मूळ कृतीत बदल करू नये, आणि बदल केल्यास नवी कृतीही त्याच परवान्याखाली द्यावी. नवख्या लेबलांचा कल पहिल्या दोन्ही अटी घालून टाकण्याकडे असतो, कारण त्यांत सुरक्षित वाटते. तू तसे घाईने करू नकोस. 'बदल करू नये' या अटीचा एक परिणाम फार थोड्यांच्या ध्यानात येतो: चलच्चित्राला संगीत जोडणे हा या परवान्यांच्या मजकुरानुसार बदलच ठरतो. म्हणजे एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या लघुपटाखाली तुमची बासरी वापरायची म्हटली, तर ती अट तिला आडवी येईल, आणि तुमची खरी इच्छा तर तिने ती वापरावी अशीच असेल. 'व्यापारी वापर नको' ही अट असलेली फाइल विकिपीडियाच्या सामाईक भांडारात घेतली जात नाही; उद्या मराठी विकिपीडियावरच्या संबळाच्या लेखाला तुमच्या मुद्रणातला संबळ जोडावा असे कोणाच्या मनात आले, तरी त्याला तो जोडता येणार नाही. ही अट निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणत नाही. कॅलिफोर्नियात जॉन बकमन यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या मॅग्नाट्यूनने तिचा चांगला उपयोग करून दाखवला. त्यांनी संगीत ऐकायला मोकळे ठेवले, चित्रपट आणि जाहिरातींसाठी वेगळे परवाने विकले आणि आलेल्या पैशांतला निम्मा वाटा कलावंताला दिला. असे परवाने विकण्याचा, त्यासाठी पत्रव्यवहार करण्याचा तुमचा खरोखर विचार असेल तर ती अट घाला; नुसत्या धास्तीपोटी घालू नका. माझे मत विचारशील तर वाद्यसंगीताला नाव आणि समान परवाना एवढ्या दोनच अटी पुरेशा आहेत. तुमच्यातल्या गायिकेच्या गाण्यांबाबत निर्णय तिचा तिनेच घ्यावा, कारण आवाज तिचा आहे.

या निर्णयाला तिला पुरेसा वेळ दे. आज तिला एक गाणे मोकळे सोडावेसे वाटेल, आणि चार वर्षांनी एखादी मोठी कंपनी तेच गाणे फक्त आमच्याकडेच हवे, असे म्हणत तिच्या दारी येईल. तेव्हा तुम्ही ते आपल्या पानावरून काढू शकाल, ती मागेल तर काढावेही. पण ज्यांनी तोवर उतरवून घेतले त्यांचा हक्क तसाच राहील आणि त्यांच्यापैकी कोणीही ते पुढे वाटू शकेल. हे वाक्य तिला मराठीत, कागदावर वाचू दे आणि सही त्याच बैठकीत घेऊ नकोस. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही कागद घरी न्यायला देत असू. काही जण परत आले नाहीत, आणि त्यांनी विचार करून तसे केले याचा मला आनंदच वाटे.

सहीच्या आधी आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. तुमच्या संगीतकार मित्राने आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासदत्व घेतले आहे, असे तू ओझरते लिहिले आहेस. अशा संस्थेचा सभासद होताना आपल्या रचनांचे काही हक्क संस्थेकडे सोपवले जातात, आणि जो हक्क आपण सोपवून टाकला त्याचा परवाना दुसऱ्या कोणाला देण्याचा अधिकार आपल्याकडे उरत नाही. जर्मनीत हा पेच इतका मोठा होता की तिथली नेटलेबले गेमा या तिथल्या तशाच संस्थेच्या सभासदांचे संगीत घेतच नसत. अव्यापारी वापराचे परवाने स्वतः देण्याचा हक्क सभासदांना मिळावा असा नियम युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात घातला, तेव्हा कुठे वाट थोडी मोकळी झाली. मित्राचा सभासदत्वाचा करार मागवून घे आणि त्यात भविष्यातल्या रचनांविषयी काय लिहिले आहे ते शब्द न् शब्द वाच. या संस्थांविषयी तुझ्या पिढीत बराच राग आहे, पण आपल्या कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कोणत्याही कराराने हिरावता येणार नाही असा केला, तो मोठ्या झगड्यानंतर. तो वाटा तुझ्या मित्राला हवा असेल तर त्यात वावगे काही नाही. मग त्याची रचना तुमच्या लेबलवर नको.

तिसऱ्या गाण्यात जुन्या तबकडीवरचा नाट्यपदाचा तुकडा आहे, तो मी पुन्हा पुन्हा ऐकला. ते पद 'स्वयंवर' नाटकातले आहे, म्हणजे १९१६ चे. आपल्या कायद्यात गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ध्वनिमुद्रणावरचा ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे. शब्द लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्येच गेले होते, आणि तबकडी १९३० च्या दशकातली असेल तर भारतात हे तिन्ही हक्क संपलेले आहेत. मात्र १९२३ ते १९४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेने २०१८ च्या कायद्याने शंभर वर्षांचे संरक्षण दिले आहे, आणि तुम्ही फाइली ठेवणार आहात त्या अमेरिकेतल्या सर्व्हरवर. म्हणून तो तुकडा तबकडीवरून न घेता गायिकेकडून नव्याने गाऊन घ्यावा, असे मला वाटते. शब्द आणि चाल मोकळी आहेत, तिचा आवाज तुमच्या घरचा आहे, आणि तंबोरा आपल्याकडचा घेऊन जा. त्या ठिकाणी 'गीतरामायणा'तली ओळ असती तर हा मार्गही नव्हता. ते १९५५ चे असले तरी माडगूळकर १९७७ मध्ये आणि सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यामुळे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत आहे.

श्रेयनामावलीत दोन गाण्यांपुढे तू 'ढोलकी: अतिथी कलाकार' असे लिहिले आहेस, ते मला अजिबात चालणार नाही. ज्या संगीताची किंमत आपण शून्य ठेवतो त्यात वाजवणाऱ्याला निश्चितपणे मिळणारी गोष्ट म्हणजे त्याचे नाव, आणि तेच आपण गाळायचे हे कसे चालेल? आपल्याकडचेच उदाहरण सांगते. गी पॉइटव्हॅं आणि हेमा राइरकर यांनी पुण्याहून गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि आता 'परी' हे संकेतस्थळ त्या लोकांसाठी खुल्या करते आहे. तिथे ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचे नाव असते, गाव, तालुका, जिल्हा असतो, ती काय काम करते हेही असते. 'पारंपरिक' एवढा एक शब्द लिहून सहज मोकळे होता आले असते, पण त्या मंडळींनी तसे केले नाही. तू ढोलकीवाल्यांकडे स्वतः जा, त्यांना दोन्ही गाणी ऐकव, ती फुकट वाटली जाणार आहेत आणि कायमची वाटली जाणार आहेत हे समजावून सांग, आणि त्यांना नाव कसे लिहिलेले आवडते ते विचारून घे. सादर करणारा म्हणून कायद्याने त्यांना हक्क आहेत, २०१२ पासून नावाचाही आहे. त्या दिवशीची बिदागी त्यांना अजून दिली नसेल तर ती लेबल सुरू होण्यापूर्वी द्या, कारण विनामूल्य देण्याचा निर्णय तुमचा आहे, त्यांच्या खिशातून तो निभावायचा नाही.

नाव लिहिले की ते टिकलेही पाहिजे. तुम्ही पाठवलेल्या एमपीथ्री मी जुन्या मोटारीतल्या यंत्रावर लावून पाहिल्या, तेव्हा सगळी शीर्षके प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसली. एमपीथ्रीच्या जुन्या पद्धतीच्या नोंदीत शीर्षकाला तीसच अक्षरांची जागा असते आणि तिच्यात देवनागरी मावत नाही. नवी नोंद युनिकोडमध्ये भर, जुन्या नोंदीत रोमन लिपीतले नाव टाक, आणि प्रत्येक फाइलमध्ये कलावंतांची नावे, परवाना, लेबलचा अनुक्रमांक आणि साल हे सगळे घाल. लोक अखंड संग्रह क्वचितच ठेवतात; एकटी फाइल कुठेतरी पोहोचते, आणि तिथे तिच्या पोटात जे लिहिलेले असते तेवढेच तिच्याबरोबर राहते.

पैशांविषयी थोडक्यात. नाइन इंच नेल्स या अमेरिकी बँडने मार्च २००८ मध्ये चार भागांच्या संग्रहाचा पहिला भाग फुकट दिला आणि त्याच संग्रहाची तीनशे डॉलरची, सही केलेली खास आवृत्ती पेटीत घालून काढली, तर तिच्या २,५०० प्रती दोन-तीन दिवसांत संपल्या, हे उदाहरण तू दिले आहेस. ते खरे आहे, पण त्यांच्यामागे मोठ्या कंपनीच्या पैशाने जमवलेला दोन दशकांचा श्रोतृवर्ग होता. तुम्ही देणगीची सोय ठेवा, ज्याला हवी त्याच्यासाठी थोड्या कॅसेटी काढा, कार्यक्रम करा, आणि डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) व मास्टरिंग (मुद्रणावरचा शेवटचा ध्वनिसंस्कार) यांचा वर्षाचा खर्च सर्वांनी मिळून आधीच बाजूला काढून ठेवा. लेबलच्या जिवावर घर चालेल असे कोणाला सांगू नका.

जपणुकीबाबत मात्र मी हट्टी आहे. एमपीथ्री डॉट कॉम हे संगीताचे संकेतस्थळ डिसेंबर २००३ मध्ये बंद झाले आणि तिथले संगीत त्याबरोबर गेले. मार्च २०१९ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावरची २०१५ पर्यंतची गाणी सर्व्हर हलवताना नष्ट झाल्याचे उघड झाले. ती पाच कोटींहून अधिक असावीत असा अंदाज होता, आणि त्यांतली सुमारे ४ लाख ९० हजार केवळ यासाठी वाचली की काही संशोधकांनी ती आधीच उतरवून ठेवली होती. ज्या आर्काइव्हने ती पुन्हा लोकांपुढे ठेवली, ते स्वतः ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यामुळे काही दिवस बंद होते. तेव्हा आर्काइव्हवर अवश्य ठेवा, बँडकॅम्प या संगीताच्या संकेतस्थळावरही ठेवा, पण मूळ वेव्ह फाइली आणि त्यांच्या फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या) प्रती दोन वेगवेगळ्या शहरांत, दोन वेगवेगळ्या माणसांच्या कपाटांत असू द्या. सह्या केलेल्या संमतिपत्रांचे स्कॅनही त्यांच्यासोबत ठेवा. एक डिस्क इथे आपल्याकडे पाठव, आमच्या लेबलच्या डिस्कशेजारी जागा आहे आणि दर दिवाळीच्या सुटीत मी त्या सगळ्या लावून तपासतेच.

गाण्यांविषयी सांगायचे तर पहिले आणि चौथे सुंदर झाले आहे. पाचवे अजून कच्चे आहे, आणि फुकट आहे म्हणून ते खपून जाईल असे समजू नका. श्रोता पैसे देत नसला तरी वेळ देतो. ते या खेपेला वगळा. संमतिपत्राचा मसुदा तयार झाला की सहीसाठी देण्यापूर्वी मला पाठव, मी आणि तुझे बाबा दोघेही वाचू. नाट्यपद नव्याने मुद्रित करायला केव्हा येता ते कळव, म्हणजे तंबोऱ्याच्या तारा बदलून ठेवते.

कळावे.

तुझी आई